दुसऱ्याच्या नावावर खेळलेले तीन सामने

मी इंटरला होतो, म्हणजे आपल्याकडच्या बारावीला, तेव्हा एका डिग्री कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी मला शाळेच्या गोलमध्ये उभं असलेलं पाहिलं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. लखनौत फुटबॉलला फारसं कुणी विचारत नसे. जुन्या लोकांना हॉकीचं वेड, पोरांना क्रिकेटचं. आमच्या सामन्यांना प्रेक्षक म्हणजे दोन्ही शाळांचे पी.टी. मास्तर, एखादा मूंगफलीवाला आणि माझे बाबा.

बाबा रेल्वेत इंजिनिअर. मूळचे मिरजेचे, बदल्या होत होत लखनौला आले तेव्हा मी चौथीत होतो. आम्ही निशातगंजच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. घरात आईबाबा मराठी बोलायचे आणि मी उत्तर हिंदीत द्यायचो. आई वैतागायची. "अरे, निदान माझ्याशी तरी मराठीत बोल." मी म्हणायचो, "हाँ हाँ, बोलतो ना यार आई." ती हसायची आणि पुन्हा सगळं तसंच चालायचं.

शनिवारी बाबांचं ऑफिस लवकर सुटायचं. ते ब्रीफकेस घेऊन तसेच मैदानावर यायचे आणि माझ्या गोलच्या मागे उभे राहायचे. ओरडणं, टाळ्या, काही नाही. सामना संपल्यावर फक्त म्हणायचे, "मोजे ओले झालेत, आधी ते काढ." मी अभ्यासात साधारण होतो, खरं सांगायचं तर साधारणाच्याही खाली. आपला मुलगा इंजिनिअर होणार नाही हे त्यांनी दहावीतच ओळखलं होतं. मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण मी गोलमध्ये बरा आहे हे त्यांना दिसत होतं आणि त्यांनी सगळी आशा तिथं नेऊन ठेवली होती, हे मला कळत होतं.

त्या नोव्हेंबरात शाळांच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य सामना हरलो. मी दोन गोल खाल्ले, पण सहा-सात अडवले. मैदानाबाहेर आलो तर ट्रॅकसूट घातलेले, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ माझी वाट पाहत होते. म्हणाले, "बेटा, आपके हाथ बहुत अच्छे हैं." सतरा वर्षांच्या पोराला तोवर कुणी 'आप' म्हटलं नव्हतं. शाळेत 'अबे', घरी 'अरे'. मी त्या एका शब्दावरच त्यांचा झालो.

पुढच्याच रविवारी हे सर, त्या डिग्री कॉलेजचे क्रीडाशिक्षक, आमच्या घरी आले. आईनं पोहे केले, वर चिवडा ठेवला. सरांनी चिवडा मागून घेतला, कसा करता विचारलं, आणि आई त्यांना हिंदीत कृती सांगताना इतकी खूष झाली की विचारू नका. मग ते बाबांकडे वळले. "साहब, लड़का हमें दे दीजिए. स्पोर्ट्स कोटे में दाख़िला मेरी ज़िम्मेदारी. तीन साल खेलेगा, फिर रेलवे, पुलिस, बैंक, सब जगह टीमें हैं."

बाबांनी विचारलं, "कुछ लिखित में मिल सकता है?"

सर हसले. वाईट वाटल्यासारखं, पण हसले. "साहब, हमारी ज़बान है."

जाताना जिन्यात ते मला म्हणाले की आता दुसरीकडे कुठंही फॉर्म भरू नका, लोकांना कळलं की गडबड होते. आणखी एका कॉलेजच्या मास्तरांनीही माझ्या पी.टी. सरांकडे निरोप ठेवला होता: जूनमध्ये ट्रायलला ये, जमलं तर घेऊ, नक्की काही सांगत नाही. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. 'नक्की काही सांगत नाही' म्हणणारा माणूस तेव्हा मला कोरडा वाटला होता.

सर गेल्यावर बाबा बराच वेळ खिडकीशी उभे होते. म्हणाले, "माणूस गोड आहे. फार गोड आहे."

आई म्हणाली, "मग चांगलंच आहे की."

"हो," बाबा म्हणाले. "चांगलंच आहे."

जानेवारीत सरांनी मला कॉलेजच्या मैदानावर बोलावलं. कॉलेजांच्या आपसातल्या स्पर्धा आठवड्यावर आल्या होत्या आणि त्यांच्या गोलकीपरला कांजिण्या झाल्या होत्या. राखीव गोलकीपर होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा, सडपातळ, मान खाली घालून बोलणारा मुलगा. तो सरांच्या शेजारीच उभा होता. त्याच्यासमोरच सर म्हणाले, "इनसे गेंद पकड़ी नहीं जाती. तीन मैच हैं बस. आप इनके नाम से खेल लीजिए."

मी त्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "खेल ले यार, मुझे कोई दिक़्क़त नहीं." त्याचे कान लाल झाले होते.

मी सरांना विचारलं, "सर, ये ग़लत तो नहीं है?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, जुलाई से आप हमारे ही हैं. बस छह महीने पहले."

त्या मुलाच्या फॉर्मवर माझा फोटो चिकटला. घरी मी सांगितलं की बोर्डाची परीक्षा जवळ आली म्हणून शाळेत जादा तास आहेत. सामन्याबद्दल बाबांशी खोटं बोलण्याची ती पहिलीच वेळ. ते म्हणाले, "छान. गणिताचे असतील तर नीट लक्ष दे."

पहिल्या सामन्यात रेफरीनं नावं पुकारली तेव्हा मी गप्प उभा राहिलो. मागच्यानं कोपर मारल्यावर हात वर केला. तो सामना आम्ही सहज जिंकलो. दुसऱ्यात पेनल्टी झाली. मी उजवीकडे झेपावलो आणि चेंडू बोटांना लागून बाहेर गेला. कॉलेजची शंभर-दीडशे पोरं आली होती, ती सगळी त्या मुलाच्या नावानं ओरडायला लागली. तो स्वतः बाकावर बसला होता. आपल्या नावाचा तो जल्लोष ऐकत टाळ्या वाजवत होता. मला तेव्हा त्याच्याकडे बघवलं नाही, पण आनंद झाला नाही असं कसं म्हणू? मी दोन दिवस हवेत होतो. बाबांना सांगता येत नव्हतं एवढीच काय ती बोच.

अंतिम सामन्याच्या दिवशी इतकं धुकं होतं की खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. तरी पलीकडचा गोल दिसत नव्हता. आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटची दहा मिनिटं राहिली असतील, त्यांचा फॉरवर्ड धुक्यातून एकटाच सुटून आला. मी पुढे धावलो, चेंडूवर पडलो, चेंडू मिळालाही. पण माझा डावा पाय गवतात अडकला होता आणि तो फॉरवर्ड सगळ्या वजनासकट माझ्या गुडघ्यावर कोसळला. आतून ओल्या फांदीसारखा आवाज आला. तो आवाज मी एकट्यानंच ऐकला असेल.

सर धावत आले. माझ्यावर वाकले. मला वाटलं विचारतील, कुठं लागलं. ते कानाशी म्हणाले, "नाम मत बताना."

मला उचलून बाहेर नेलं. माझ्या जागी राखीव गोलकीपर जाऊ शकत नव्हता, कारण कागदोपत्री तोच तर बाहेर पडला होता. शेवटी एक बॅक गोलमध्ये उभा राहिला. आम्ही जिंकलो. चषक उचलल्याचा गलका मी सायकलरिक्षात बसताना ऐकला.

हॉस्पिटलमध्ये नाव लिहून घेतात, म्हणून सरांनी मला एका जर्राहाकडे नेलं. पिढीजात हाडं बसवणारा म्हातारा. रस्ताभर सरांनी माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता, रिक्षाला हादरा बसला की तो हातांनी वर धरत होते. हे मी विसरू शकत नाही, आणि हेच मला आजही समजत नाही. तो माणूस त्या वेळी खोटा नव्हता. म्हाताऱ्यानं तेल चोळलं, बांबूच्या पट्ट्या लावून गुडघा करकचून बांधला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर म्हणाले, "घर पर कहिए, साइकिल से गिर गए."

तसंच सांगितलं. आईनं हळद-दूध दिलं आणि लखनौच्या रस्त्यांना शिव्या दिल्या. बाबा खाली जाऊन माझी सायकल पाहून आले. सायकलवर ओरखडादेखील नव्हता. वर येऊन ते माझ्या उशाशी बसले. मला वाटतं, मी आपण होऊन सांगेन याची ते वाट पाहत होते. मी कूस वळवली.

सूज उतरेना तेव्हा त्यांनी मला रेल्वेच्या दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, सायकलवरून पडलो, सहज, हळू. त्यांनी मुरगळलंय म्हणून मलम आणि गोळ्या दिल्या. सायकलवरून पडलेल्या एका मुलाचा गुडघा त्यांनी तपासला. माझा गुडघा कुणी तपासलाच नाही.

मार्चमध्ये लंगडत जाऊन पेपर दिले. मार्क बेताचे पडले, पण मला काळजी नव्हती. माझी जागा ठरलेली होती.

जूनमध्ये ट्रायल झाली. सकाळी सातलाच लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी तापलेला वारा, सुरू झाल्यासारखं ऊन. सरांच्या शेजारी खुर्च्यांवर आणखी दोन अनोळखी गृहस्थ बसले होते. चालताना माझा पाय आता दुखत नव्हता, म्हणून मी स्वतःला समजावलं होतं की तो बरा झालाय. पहिला चेंडू डावीकडे आला. मी उडी मारायला पाय रोवला आणि गुडघा बिजागरी सुटल्यासारखा आत वळला. मी पडलो. उठलो. दुसरा चेंडू आला. पुन्हा तसंच. तिसऱ्याला मी हललोच नाही, चेंडू बाजूनं जाळीत जाताना पाहत राहिलो.

सर हातातल्या वहीत बघत होते. म्हणाले, "नेक्स्ट."

सगळं संपेपर्यंत मी कडुनिंबाखाली थांबलो. मग त्यांना गाठलं. "सर, आपने कहा था..."

"बेटा, पैनल है. मैं अकेला थोड़े ही हूँ."

"लेकिन सर, जनवरी में मैंने..."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "जनवरी में तो आप इंटर में थे. थे न?"

अजूनही 'आप'च म्हणत होते.

जुलैत यादी लागली. मी ती वरून खाली, खालून वर वाचली. गोलकीपरच्या जागी बाराबंकीच्या एका मुलाचं नाव होतं. दुसऱ्या कॉलेजांच्या तारखा एव्हाना उलटून गेल्या होत्या.

त्याच दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. ते सुट्टीवर होते, कूलर घरघरत होता, आई आत झोपली होती. का कोण जाणे, मी मराठीत बोललो. इतकं सलग मराठी मी त्या घरात कधीच बोललो नव्हतो. मधेमधे शब्द सापडत नव्हते, तेव्हा ते सुचवत होते. कांजिण्या हा शब्द त्यांनीच दिला. फोटो, नाव, धुकं, जर्राह, सायकल. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पेनल्टी अडवलीस?"

"हो."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आणि मी तिथं नव्हतो." मग चष्मा काढून ते उगाचच पुसत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत कॉलेजात आले. सर उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "आप मेरे घर आए थे. मेरी पत्नी के हाथ का खाकर गए थे."

"साहब, मुझे आपसे ज़्यादा दुख है," सर म्हणाले. "लेकिन करूँ क्या? बच्चा लिखकर दे दे कि दूसरे के नाम से खेला था, मैं आगे भेज दूँगा. फिर बोर्ड क्या करेगा, यूनिवर्सिटी क्या करेगी, मैं नहीं जानता. जिसका नाम था वो भी ग़रीब घर का लड़का है, उसका भी साल जाएगा. आप बड़े अफ़सर हैं, सोच लीजिए."

हे सगळं इतक्या अदबीनं, इतक्या हळू आवाजात, की बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं दोन स्नेही बसलेत.

बाबा उठले. फाटकाबाहेर आल्यावर रिक्षा न करता ते चालत राहिले. मी मागून लंगडत होतो हे लक्षात आल्यावर थांबले. हज़रतगंजच्या फुटपाथवर, लोक आमच्या बाजूनं ये-जा करत असताना, त्यांनी मला विचारलं, "लिहून द्यायचं का? तू म्हणशील तसं. तू म्हणालास तर मी तुझ्यासोबत सही करतो."

मी घाबरलो होतो. बंदी येईल, इंटरचा निकाल रद्द होईल, पेपरात नाव येईल. मी म्हटलं, "नको बाबा."

"नक्की?"

"नको."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी हात करून रिक्षा थांबवली. हा विषय त्यांनी आयुष्यात पुन्हा काढला नाही. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटत असेल तर त्या 'नको'चं. माझ्या हातात खरं सांगण्याची एक वेळ आली होती, कुणीतरी बरोबर उभं राहायला तयार होतं, आणि मी ती सोडली.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी बी.कॉम.ला बाहेरून बसलो. आजोळी मिरजेला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांनी पाय हातात घेऊन एकदाच हलवला आणि म्हणाले, आतला बंध तुटलाय, लगेच आला असतात तर काही करता आलं असतं. त्यांनी ऑपरेशन केलं. चालणं सुधारलं, पळणं नाही.

एका दुपारी तो राखीव गोलकीपर घरी आला. हातात लाडवांचा डबा. त्याला खेळाडूंच्या कोट्यातून एका सरकारी खात्यात नोकरी लागली होती. त्यानं पिशवीतून एक प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं: विजेता संघ, गोलकीपर, आणि खाली त्याचं नाव. "ये तेरा है यार," तो म्हणाला. "मैंने कॉपी जमा की है. असली तू रख ले." मी ते परत त्याच्याकडे सरकवलं. ज्यावर माझं नावच नाही ते ठेवून मी काय करणार होतो? तो रडायला लागला. घरी चार बहिणी आहेत, वडील लकव्यानं पडून आहेत, असं काहीबाही सांगत राहिला. आई आतून चहा घेऊन आली आणि काहीच न कळून त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मी लाडू खाल्ला. त्याच्यावर चिडायचं ठरवलं तरी मला ते जमत नव्हतं, आणि मग चिडायचं तरी कुणावर, हेही कळत नव्हतं.

ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात मी बऱ्याच दिवसांनी शाळांच्या स्पर्धेला गेलो. एका शाळेच्या गोलमध्ये उंच, लांब हातांचा मुलगा होता. माझ्यापेक्षा चांगला होता, हे पहिल्या पाच मिनिटांत समजलं. आणि त्याच्या गोलच्या मागे, बाबा उभे राहायचे साधारण तिथंच, सर उभे होते. सामन्यानंतर ते त्याच्याशी बोलले, पाठ थोपटली, गेले.

तो नळावर पाणी पीत होता. मी जवळ गेलो. म्हटलं, "भाई, एक बात सुनो. वो जो सर हैं, वो तुमसे कहेंगे कहीं और फ़ॉर्म मत भरो. भर देना. और किसी के नाम से मत खेलना. कुछ भी कहें, मत खेलना."

त्यानं तोंड पुसलं, माझ्या पायाकडे पाहिलं. "आप वही हैं न, जो ट्रायल में गिर गए थे?"

मी पाय मागे घेतला.

"सर ने बताया था. कहते थे एक लड़का है, उसका नहीं हुआ, तो सबको भड़काता फिरता है." त्यानं हे उद्धटपणे म्हटलं नाही. उलट त्याला माझी कीव आली असावी. "भैया, मेरे पापा नहीं हैं. मेरे पास यही एक रास्ता है." बॅग खांद्याला लावून तो निघून गेला. त्याचा चालण्याचा तोरा मला ओळखीचा वाटला. 'आप' म्हणणारा माणूस नुकताच भेटला की असंच चालतात.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते.

"ऐकलं का त्यानं?"

"नाही."

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग आईनं आतून जेवायला हाक मारली आणि आम्ही दोघंही उठलो. त्या स्पर्धेचे उरलेले सामने मी पाहिले नाहीत. त्यानंतर मी कुठल्याच मैदानावर गेलो नाही. त्या मुलाचं पुढं काय झालं हे मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.